बाटलीतले जिवाणू आणि घरचे विरजण



मुलांच्या वजनाची चिंता आपल्या वस्तीला नवी नाही. वर्षानुवर्षे ती एकाच प्रकारची होती. अंगणवाडीच्या काट्यावर पोर ठेवले की काटा पुढे सरकत नसे आणि आईच्या जिवाला घोर लागत असे. गोवंडीत ही चिंता आजही मिटलेली नाही. परंतु तिच्या जोडीला आता दुसरी चिंता येऊन बसली आहे. गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या घरांतून एकच प्रश्न आमच्याकडे आला. एका भगिनीच्या शब्दांत सांगायचे तर, "दादा, पोरगी अकरा वर्षांची, पण गणवेश चौदा वर्षांच्या मुलीचा लागतो. दुकानात ती दह्याची छोटी बाटली मिळते ना, ती रोज दिली तर वजन उतरेल का?"

आम्ही पेशाने कारकून आहोत, डॉक्टर नव्हे. परंतु जमा-खर्चाची वही मांडण्याची सवय असल्यामुळे या प्रश्नाचाही हिशेब मांडून पाहावा असे आम्हाला वाटले. त्या बाटलीवर मेहनतीचा पैसा खर्च होतो आणि पोरीच्या जिवाचाही प्रश्न आहे.

प्रथम आकडे पाहू. देशभरातील घराघरांत जाऊन मुलांची उंची आणि वजन मोजणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी कोठून चालते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ती चालते आपल्याच गोवंडी स्टेशन रोडवरून. १९५६ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था याच रस्त्यावर आहे आणि १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीपासून हे काम तिच्याकडे आले. तिच्या २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालील दर १०० भारतीय मुलांपैकी ३५ हून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच पाहणीत जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण शेकडा ३.४ भरले. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत ते २.१ होते. आपल्या महाराष्ट्रात तर ते १.९ वरून ४.१ वर गेले. याचा अर्थ असा की खुजेपणा जवळपास जिथल्या तिथे राहिला आणि जाडेपणा वाढू लागला. एकाच चाळीत, कधी कधी एकाच घरात, थोरला जाड आणि धाकटा काडी, हे चित्र आपण डोळ्यांनी पाहतो. आकडे तेच सांगतात.

"लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग, आपल्याला कशाचा होतो?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुण्याने दिलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. त्यांना असे दिसले की आपल्याकडील बाळ जन्मतः वजनाने कमी असते, पण त्या कमी वजनातही चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूंचा वाटा कमी असतो. असे अशक्त जन्मलेले मूल पुढे भराभर वजन घेऊ लागले, तर त्याला मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका अधिक. हातपाय बारीक आणि पोट पुढे, असे शरीर आपल्या वस्तीत काही कमी दिसत नाही. तेव्हा पोटभर न मिळालेल्या आईचे मूल लठ्ठपणापासून सुरक्षित असते, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्या घरात गुटगुटीत मूल म्हणजे कौतुकाचा विषय असतो, आणि त्याला कारणही आहे. दूध, दही, तूप या वस्तू आपल्या आजा-पणजाच्या ताटात सुखासुखी आलेल्या नाहीत. जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिगत बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले, एवढ्यासाठी सवर्णांचा जमाव काठ्या घेऊन धावून आला आणि त्याने अन्नाची नासाडी केली. तूप खाणे हासुद्धा ज्यांचा गुन्हा ठरला, त्यांच्या नातवंडांनी चार घास जास्त खाल्ले तर आई-बापांचा ऊर भरून येणारच. त्यात चूक काही नाही. परंतु आपल्या या जिव्हाळ्याचे भांडवल करून बाजार रोज पाच-दहा रुपयांची पाकिटे आपल्या पोरांच्या हातात ठेवतो, हे मात्र ओळखले पाहिजे. वजन वाढवायला तोच बाजार आणि वजन उतरवायला बाटली विकणाराही तोच बाजार!

आता त्या बाटलीत असते काय, ते पाहू. त्यात आंबवलेले दूध, साखर आणि निवडून वाढवलेले जिवंत जिवाणू असतात. कल्पना जुनी आहे. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हा येथे आपल्या देशाच्या दह्यातील जिवाणू शोधून काढला. पुढे पॅरिसमधील नामवंत शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉफ यांनी, आंबट दुधातले जिवाणू आतड्यातील वाईट जिवाणूंना आवरतात आणि आयुष्य वाढवतात, असे मत मांडले. जपानमध्ये डॉ. मिनोरू शिरोता यांनी १९३० साली असाच एक जिवाणू वेगळा करून वाढवला आणि १९३५ पासून त्याचे पेय विकायला आले. तेच पेय आज आपल्याकडेही मिळते आणि त्याच्यासारखी इतरही अनेक आहेत.

लठ्ठपणाशी या जिवाणूंचा संबंध जोडला गेला तो अलीकडे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील शास्त्रज्ञांनी लठ्ठ उंदरांच्या आतड्यातील जिवाणू दुसऱ्या, जिवाणूरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. त्या उंदरांच्या अंगात चरबी अधिक साठली. त्यावरून, चांगले जिवाणू पोटात घातले तर चरबी उतरेल, अशी आशा निर्माण झाली. आशा वाईट नव्हे. परंतु उंदीर तो उंदीर आणि मूल ते मूल. लठ्ठ मुलांवर असे जिवाणू देऊन ज्या चाचण्या झाल्या, त्या लहान आणि थोड्या दिवसांच्या आहेत. काहींत थोडा फरक दिसला, काहींत काहीच दिसला नाही. कोणता जिवाणू, किती आणि किती दिवस, याचा पक्का नियम अजून कोणाच्याही हाती नाही. बाटलीवर "पचनास मदत" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दुकानदाराने आणि शेजारणीने "वजन उतरते" असा लावून टाकला आहे, इतकेच!

मग दह्यात काहीच राम नाही काय? तसेही नाही. २०११ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील १ लाख २० हजारांहून अधिक प्रौढ माणसांच्या खाण्याचा आणि वजनाचा अनेक वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. बटाट्याचे वेफर्स आणि गोड थंड पेये वाढवणाऱ्यांचे वजन वाढत गेले. दही वाढवणाऱ्यांचे वजन त्या मानाने कमी वाढले. हा पुरावा मोठ्या माणसांचा आहे, आणि दही खाणारी माणसे इतरही पथ्ये पाळत असतील, हे ध्यानात ठेवावे. तरी त्यातून एक व्यवहारी धडा मिळतो. दही हे औषध म्हणून काम करील याची खात्री नाही, पण वाईट वस्तूच्या जागी दही आले तर फायदा होतो. "जागी" हा शब्द महत्त्वाचा. पाकीटही चालू, थंडाही चालू आणि वरून दह्याची बाटली, असे केले तर वहीत फक्त खर्चाची ओळ वाढते.

आता वही उघडू. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सपाट पाच चमचे. एक ग्रॅम साखरेचे चार उष्मांक, म्हणजे नुसत्या साखरेचे १००. त्याऐवजी ५० ग्रॅम घरचे दही घेऊन त्यात दीड कप पाणी घालून घुसळले, तर मोठा पेलाभर ताक होते आणि त्याचे उष्मांक भरतात अवघे ३० च्या आसपास. फरक ७० चा. रोज एक अदलाबदल केली तर महिन्याला २१०० उष्मांकांची बचत होते, आणि मुलाला उपाशी ठेवावे लागत नाही.

दुसरा हिशेब बाटलीचा. तिच्या मागे बारीक अक्षरांत तक्ता असतो. त्यात १०० मिलिलिटरमागे साखर किती ते पाहावे. समजा तेथे १५ ग्रॅम लिहिले आहे आणि बाटली ६५ मिलिलिटरची आहे, तर एका बाटलीत जवळजवळ १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाच्या आत राहिली तर उत्तम. १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला त्या उत्तम हिशेबाने २० ग्रॅम साखर होते. त्यातली निम्मी त्या चिमुकल्या बाटलीनेच संपवली! सकाळच्या चहाची आणि त्यासोबतच्या बिस्किटाची साखर अजून मोजायचीच आहे.

तिसरा हिशेब पैशाचा. अशी बाटली साधारण १५ ते २० रुपयांना पडते. तेवढ्यात पाव लिटरच्या आसपास टोन्ड दूध येते आणि त्याचे दोन वाट्या दही होते. पोट कशाने भरते, हे आम्ही सांगायला नको.

दुधाविषयीही दोन शब्द. पिशवीवर नाव वाचून दूध घ्यावे. फुल क्रीम दुधात १०० मागे निदान ६ ग्रॅम स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेले हलके दूध, असे समजून नाक मुरडणारे लोक आहेत. वास्तविक ही मुंबईनेच देशाला दिलेली देणगी आहे. १९४० च्या दशकात शहराला दूध अपुरे पडत असताना दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते अधिक लोकांना परवडेल असे केले. पुढे आरे वसाहतीचा व्यापही त्यांनीच सांभाळला. चरबी निम्मी होते, पण हाडांना लागणारा चुना आणि अंग भरणारी प्रथिने जवळजवळ तेवढीच राहतात. जाड मुलाच्या घरात टोन्ड दुधाचे दही लावावे. मात्र दोन वर्षांच्या आतील मुलांना साय काढलेले दूध देऊ नये. त्यांना स्निग्धांशाची गरज असते. आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीच नको.

विरजण लावणे आपल्या माय-माउल्यांना आम्ही शिकवावे असे नाही. तरी नव्या सुनांसाठी सांगतो. दूध उकळून, बोट सहन होईल इतके कोमट झाले की चमचाभर विरजण त्यात घालून ढवळावे आणि झाकून ठेवावे. मुंबईच्या उकाड्यात पाच-सहा तासांत दही लागते. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दूध बांधले जाते. म्हणूनच ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही पुष्कळदा दही सोसते. ताकासाठी पाणी उकळून गार केलेलेच वापरावे. आपल्याकडे नळाला पाणी किती वेळ आणि कसे येते हे ठाऊक असूनही, याकडे दुर्लक्ष करून ताकाने जुलाब झाले म्हणण्यात अर्थ नाही. ताकात जिरे-कोथिंबीर घालावी, मीठ चिमूटभरच. कढी उकळली की जिवाणू मरतात, पण प्रथिने आणि चुना कोठे जात नाहीत; कढी-भाकरी उत्तम जेवण आहे. श्रीखंड आणि दुकानची गोड लस्सी मात्र दह्याच्या नावाखाली मोजू नये. श्रीखंडात चक्क्याच्या जोडीला जवळजवळ तेवढीच साखर पडते. ते सणालाच शोभते.

ज्या भगिनीचा प्रश्न आम्ही वर दिला, तिच्या घरी आम्ही बसून चौकशी केली. मुलीची भाकरी बंद केली होती. सकाळी बाटली, दुपारी उपास आणि चार वाजता भूक अनावर झाली की खालच्या टपरीवरून दहाच्या दोन पुड्या. शाळेत पोरे तिला नावे ठेवत होती आणि घरात आजी. पोरगी खाताना भिंतीकडे तोंड करून बसायची. हे ऐकून आम्हाला वजनापेक्षा त्या पाठमोऱ्या बसण्याची काळजी वाटली. आम्ही एवढेच सुचवले की भाकरी, डाळ आणि भाजी तिला सर्वांच्या पंक्तीत द्या. अंडे, सुकट, बोंबील जे घरात होते तेही द्या. चार वाजता पुडीऐवजी ताक आणि मूठभर चणे-फुटाणे द्या. थंडा घरातच आणू नका, बापासाठीसुद्धा. आणि वजनावरून एक शब्द काढू नका. सहा महिन्यांनी वजन होते तेवढेच होते. बाई हिरमुसली. तेव्हा आम्ही दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करून ठेवायला लावली होती, ती पाहिली. पोरगी दोन बोटे वाढली होती! वाढत्या वयाच्या मुलाचे वजन पुष्कळदा उतरावे लागत नाही. ते थांबले आणि उंची वाढली तरी काम होते. मोठ्या माणसाचे उपास मुलाला लावू नयेत ते यासाठीच.

घरच्या घरी पाहायची एक साधी खूण सांगतो. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, ती मधोमध दुमडा आणि कमरेभोवती धरा. दुमडलेली सुतळी कमरेला पुरली तर ठीक. टोके जुळली नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. ही खूण पाच वर्षांवरील मुलांसाठी आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी उंची-वजनाचे खास तक्ते काढले. डॉक्टरांना ते तक्ते लावून पाहायला सांगावे. मुलाच्या मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसू लागला, झोपेत घोरून श्वास अडकू लागला, तहान-लघवी वाढली किंवा उंचीच खुंटली, तर थांबू नये. महापालिकेचा दवाखाना आहे, शताब्दी रुग्णालय आहे. बाटल्यांवर महिना घालवून मग जाण्यापेक्षा आधी जावे. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या मोठ्या आजाराने खचली आहे, त्याला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवाणूंची बाटली किंवा पुडी मुळीच देऊ नये.

राहता राहिला खेळ. मुलांनी रोज तासभर अंग घामाघूम होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कोठे खेळावे ते मात्र ती सांगत नाही! १९२७ पासून मुंबईचा कचरा आपल्या देवनारच्या उशाशी येऊन पडतो. जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाऱ्याला आग लागली तेव्हा धुरामुळे येथील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व विभाग सर्वांत खाली होता. इमारतींत राहायला गेलेल्यांची पोरे मजल्यांवर कोंडली गेली, आणि खाली राहिलेल्यांच्या वाट्याला गल्ली. अशा ठिकाणी मूल जाड झाले तर त्याला "आळशी" आणि "खादाड" म्हणणे हा अन्याय आहे. तेव्हा काही गोष्टी आपण एकजुटीने मागितल्या पाहिजेत. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमाप्रमाणे शाळेच्या आत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. पालक सभेत हा नियम वाचून दाखवा. संध्याकाळी शाळेचे पटांगण वस्तीच्या मुलांना उघडे मिळावे, असा अर्ज करा. अर्ज लिहून हवा असेल तर आम्ही लिहून देऊ. आमचा तो रोजचाच धंदा आहे.

दरम्यान, बाटलीचे पैसे बाजूला ठेवून आज रात्री एक पातेले दही लावा. उद्या चार वाजता घरातल्या जाड्या आणि बारीक, दोन्ही पोरांना शेजारी बसवून ताक द्या. बारक्याच्या पेल्यात थोडे दही अधिक, थोरल्याच्या पेल्यात थोडे पाणी अधिक. एकाला कौतुक आणि दुसऱ्याला टोमणा, असे मात्र होऊ देऊ नका.